माणसांचा इजारा

परवा आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे नातू भेटावयास आले होते. व्यापारी व्यवस्थापनाच्या पदवीचा अभ्यास ते करीत आहेत, आणि त्यातही उद्योगधंद्यातील माणसांची व्यवस्था हा विषय त्यांनी मुख्य म्हणून घेतला आहे. आम्ही सहज विचारले, "या शास्त्राची मूलतत्त्वे तरी कोणती?" त्यांनी ती घडाघडा सांगितली. योग्य माणूस पारखून घेणे. घेतल्यावर त्यास काम शिकविणे. कामाचा मोबदला ठरविणे व तो वेळेवर देणे. तक्रार उत्पन्न झाल्यास ती ऐकून तिचा निवाडा करणे. आणि निरोप द्यावयाची वेळ आलीच तर तो न्यायाने देणे. उत्तर बिनचूक होते. परंतु दाखल्यादाखल त्यांनी जी नावे घेतली ती सारी अमेरिकेतील कारखान्यांची होती. ज्या परळ-लालबागच्या भागात त्यांच्या आजोबांनी तीस वर्षे गिरणीची हजेरीबुके लिहिली, त्या भागाने हीच पाच तत्त्वे किती किंमत मोजून शिकली, याची त्यांस वार्ता नव्हती. दोष त्यांचा नाही; ती हकीकत कोणी त्यांस सांगितलीच नाही. ती येथे थोडक्यात सांगावी, असा आमचा विचार आहे.

प्रथम एका जुन्या गोष्टीचे स्मरण देणे अवश्य आहे. मराठी राज्याच्या चांगल्या काळात परगण्यावर कमाविसदार नेमला जाई. तो सरकारचा पगारी नोकर असे व त्याच्या हिशेबावर नजर ठेवण्यास दरकदार असत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही रीत मोडली, आणि परगणे इजाऱ्याने देण्याचा प्रघात पडला. जो अधिक रक्कम कबूल करील त्याच्या हाती रयत सोपवावयाची, आणि ठरलेली रक्कम पदरात पडली की त्याने ती कशी वसूल केली हे विचारावयाचे नाही, असा तो व्यवहार होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात या इजाऱ्याचे दुष्परिणाम नमूद करून ठेविले आहेत. इजाऱ्याचा खरा दोष इजारदार क्रूर होता हा नव्हे. काही इजारदार दयाळूही असतील. धन्याने आपल्याच माणसांकडे पाठ फिरविली, हा तो दोष होय. बाजीरावाने जमिनीच्या बाबतीत जे केले, तेच मुंबईच्या गिरणीमालकांनी पुढे माणसांच्या बाबतीत केले, असे आमचे म्हणणे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सुताच्या गिरणीची कंपनी काढली, व १८५६ साली ताडदेवास ती गिरणी चालू झाली. पुढील पन्नास-साठ वर्षांत धंदा इतका फोफावला, की १९२० नंतरच्या वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात व कामगारांची दीड लाखाच्या घरात गेली होती. ही माणसे मुख्यतः रत्नागिरीच्या पट्टीतून व साताऱ्याकडील घाटमाथ्यावरून आली. कोकणातील तुकड्याएवढी शेती आणि देशावरील पावसाची अवकृपा यांनी त्यांस मुंबईच्या वाटेला लावले. ती आली ती एकेकटी आली नाहीत. आधी कोणी चुलता, मामा किंवा गावचा माणूस गिरणीत लागलेला असे. त्याच्या आधाराने दुसरा येई, दुसऱ्याच्या आधाराने तिसरा.

या साखळीच्या टोकाशी जो उभा असे तो जॉबर, म्हणजेच मुकादम. मुळात तो खात्यातील एक अनुभवी कामगारच होता. यंत्र बिघडले तर ते नीट करणे, नवख्यास काम दाखविणे व आपल्या हाताखालच्या माणसांवर देखरेख ठेवणे एवढेच त्याचे काम. परंतु मालकाच्या सोयीखातर एकामागून एक अधिकार त्याच्या पदरात पडत गेले. गिरणीचा मॅनेजर किंवा खात्याचा मास्तर पुष्कळदा लँकेशायरहून आलेला साहेब असे. त्यास मराठी येत नसे, आणि शिकण्याची निकडही वाटत नसे. सुताच्या भावाप्रमाणे माणसांची गरज आज वाढे, उद्या घटे. हवे तेव्हा माणसे आणून उभी करणारा व नको तेव्हा ती दृष्टीआड करणारा कोणी असला, म्हणजे मालकाची विवंचना मिटे. तो कोणी म्हणजे मुकादम. माणूस ठेवणे, काढणे, कोणत्या साच्यावर उभे करावयाचे ते ठरविणे, रजा देणे, आणि रजेवरून परत आलेल्यास पुन्हा दाराच्या आत घेणे किंवा न घेणे, हे सारे त्याच्या मर्जीवर आले. वळणखात्यात व रिळणखात्यात बायका काम करीत; त्यांच्यावर नाइकीण असे व तिचा अधिकारही याच जातीचा होता.

मुकादमाची बाजू न मांडणे हा अन्याय होईल. गावाहून आलेल्या पोरास पहिल्या रात्री पथारी टाकावयास जागा मिळे ती बहुधा त्याच्याच ओळखीने. खाणावळीत उधारी चाले ती त्याच्या शब्दावर. घरी मयत झाली, बहिणीचे लग्न निघाले, तर चार रुपये हातावर ठेवणारा तोच. अर्थात व्याजही तोच घेई, आणि नोकरी लावून दिल्याबद्दल व ती टिकविल्याबद्दल दस्तुरीही तोच घेई. एकाच हातात आसरा आणि फास असे दोन्ही असल्यामुळे कामगाराने त्या हाताकडे कृतज्ञतेने पाहावे की भयाने, हा प्रश्न त्याचा त्यासही सुटत नसे.

या व्यवस्थेत गिरणीमालकाचे काय गेले? वरवर पाहता काहीच नाही. भोंगा झाला की माणसे आत येत, साचे चालत, कापड निघे. परंतु कापसाच्या प्रत्येक गाठीचे वजन ज्याच्या वहीत होते, त्याच्या वहीत आपल्या माणसाविषयी अक्षरही नव्हते. तो कोठून आला, काम कोठे शिकला, मागील महिन्यात चार दिवस का आला नाही, आणि गेल्या वर्षी होता तो यंदा का नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मालकाजवळ नसे. खाडे फार होतात, माणसे टिकत नाहीत, गावी जातात ती परतत नाहीत, अशी ओरड मात्र तो सदा करी. गावी गेलेल्याची जागा राखून ठेवण्याचा नियमच जेथे नाही, तेथे तो परतणार कशाच्या भरवशावर, हा विचार त्याच्या मनास शिवत नसे. अनुपस्थितांच्या जागी बदली म्हणून घेण्यासाठी सकाळी गिरणीच्या दाराशी माणसांचा घोळका उभा राही, आणि त्यातून कोणास आत बोलवावयाचे तेही मुकादमाच्या बोटावर असे.

कामगारांच्या बाजूने या विषयास प्रथम वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि स्वतः काही काळ एका गिरणीत भांडारपाल. गिरणीचा कारभार आतून पाहिलेला माणूस तो. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, व सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाच. रविवारी पुरती सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार चालू राहावा व कायमचे अपंगत्व आल्यास पोटाची तजवीज व्हावी.

या अर्जात क्रांतीची भाषा नाही. पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा ही मागणी ज्या काळी करावी लागली, त्या काळी पगार केव्हा होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. महिनाभर काम करून पुढे आणखी पंधरवडाभर वाट पाहणारा माणूस मध्यंतरी वाण्याचे व सावकाराचे दार गाठणारच. आणि सावकार पुष्कळदा त्याचा मुकादमच असल्याने उशिरा होणारा पगार हा मुकादमाच्या सत्तेचाच एक खांब होता. आश्चर्य एवढेच, की या पाच मागण्यांत मुकादमाचा कोठेही उल्लेख नाही. हा आमचा तर्क आहे, परंतु आम्हांस वाटते, की ज्याच्या मर्जीवाचून दाराच्या आत पाऊल पडत नाही, त्याच्याविरुद्ध सही करण्याचे धैर्य पाच हजार माणसांतही येणे कठीण. पुढे १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने तिजवर शिक्कामोर्तब झाले. रविवारी घरी स्वस्थ बसून मासिक वाचणाऱ्या आपणां सर्वांवर या माणसाचे ऋण आहे. १८९७ च्या प्लेगात लोखंडे वारले.

मुंबईत हे चालले असता नागपुरास याच धंद्यात निराळा प्रयोग चालू होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक. नागपुरास मुंबईसारखा दाराशी उभा असलेला घोळका नव्हता, व तेथील माणसास गिरणीच्या कामाची ओढही नव्हती. रोज पाचांतील एक माणूस कामावर येत नसे, असे जमशेटजींचे चरित्रकार सांगतात. त्यातच पहिल्या वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. हिंदुस्थानातील गिरण्यांच्या अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. अशा वेळी दंड वाढविणे हा सर्वांस ठाऊक असलेला उपाय. जमशेटजींनी तो धरला नाही. माणूस का येत नाही, असा प्रश्न त्यांनी केला. नियमित येणाऱ्यांस समारंभपूर्वक बक्षिसे देण्यास प्रारंभ झाला. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड निघाला व १८९५ साली अपघाताच्या भरपाईची योजना आली. हिंदुस्थान सरकारचा नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे माप कळते. शिकलेल्या तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन गिरणीचे काम हातोहात शिकविण्याची प्रथाही तेथे पडली. हवेत दमटपणा राखणारी व आग विझविणारी यंत्रे त्यांनी बसविली, तीही याच विचाराने. कारण जेथे माणसाचा जीव कासावीस होतो, तेथे सूतही तुटते.

यावरून जमशेटजी केवळ दानशूर होते असा समज कोणी करून घेऊ नये. ते पक्के व्यापारी होते, व आलेला माणूस टिकला तर शिकविण्याचा खर्च वाचतो, हा हिशेब त्यांस इतरांहून आधी उमगला होता. तथापि अशा व्यवस्थेसही एक मर्यादा असते. जे मिळते ते धन्याच्या औदार्याने मिळते. ते मागण्याचा मार्ग कामगाराजवळ नसतो. जमशेटजींच्या पश्चात उभारलेल्या जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला, १९१५ साली मोफत औषधपाणी आले, १९२० साली भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी आले. तरीही १९२० व १९२२ साली तेथे मोठे संप झालेच. माणसास पुष्कळ दिले म्हणजे त्याचे ऐकून घेण्याचे कर्तव्य संपते, हा भ्रम त्या संपांनी दूर केला. आमच्या स्नेह्यांच्या नातवाने सांगितलेल्या पाच तत्त्वांतील चौथे ते हेच.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. पहिले महायुद्ध संपले, तेजी ओसरली, जपानी कापडाची स्पर्धा आली. मालकांस काटकसरीची निकड भासू लागली. तेव्हा जो कामगार दोन साचे चालवी त्याने तीन चालवावे, व ज्याच्याकडे चात्यांची एक बाजू होती त्याने दोन सांभाळाव्या, अशी योजना निघाली. योजना कागदावर मांडण्यास सोपी होती. परंतु ज्या माणसांशी सत्तर वर्षांत कधी प्रत्यक्ष बोलणे केले नाही, त्यांस ती समजावून द्यावयाची कोणी आणि कोणत्या तोंडाने? १९२८ च्या एप्रिलात सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबविले, ते ऑक्टोबरपर्यंत. सहा महिने गिरणगावातील धुरांडी थंड होती. ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त व श्री. अ. डांगे यांच्यासारखे साम्यवादी पुढारी एरवी परस्परांचे विरोधी; ते या संपात एका समितीत बसले. यावरून प्रसंगाचे गांभीर्य दिसेल.

संपाच्या अखेरीस न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिच्यापुढील विषयांत मजुरीचे दर होते, तसेच गिरणीतील नोकरीच्या लेखी नियमांचा प्रश्नही होता. माणूस केव्हा कायम समजावा, काढण्यापूर्वी नोटीस किती दिवसांची असावी, दंड कशाबद्दल व्हावा, रजा कोणी मंजूर करावी, ही कलमे दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून शब्दशः तपासली. मुकादमाच्या तोंडी हुकुमाच्या जागी छापील कलम यावे, ही कल्पना येथे प्रथमच नेटाने चर्चिली गेली. आमच्या मते माणसांच्या इजाऱ्यास पहिला खरा तडा गेला तो या टेबलावर.

दुसरा तडा लवकरच गेला. १९२९ साली व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील मजुरांविषयी शाही कमिशन नेमले गेले, ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कमिशनने निःसंदिग्धपणे सांगितले, की माणूस ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार मुकादमाच्या हातून काढून घ्यावा, आणि मोठ्या कारखान्यांनी त्यासाठी स्वतंत्र मजूर-अधिकारी नेमावा. हा अधिकारी मुख्य व्यवस्थापकाखेरीज कोणाचाही ताबेदार नसावा. तो सचोटीचा व उत्साही असावा, त्याच्या व्यक्तिमत्त्वात वजन असावे, माणूस ओळखण्याची हातोटी त्यास असावी आणि कामगारांची भाषा त्यास यावी. शेवटची अट वाचून आम्हांस हसूही येते व खेदही वाटतो. पहिली गिरणी निघून पाऊणशे वर्षे झाल्यावर एका सरकारी कमिशनास सांगावे लागले, की ज्यांच्याकडून काम घ्यावयाचे त्यांची भाषा काम घेणाऱ्यास यावी!

यानंतर पावले झपाट्याने पडली. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने तडजोडीचा कायदा केला, व त्याअन्वये सरकारी मजूर-अधिकारी आला. मालकांच्या संघानेही आपला अधिकारी नेमला. १९३५ साली बदली कामगारांसाठी कार्डे निघाली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक माणसांस कार्ड मिळे. रोज सकाळी हजेरी द्यावयाची व रिकाम्या जागा या कार्डवाल्यांतूनच भरावयाच्या, असा नियम झाला. कार्ड म्हणजे कागदाचा एक तुकडा. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसास त्या तुकड्याने प्रथमच नाव दिले. १९३६ सालीच पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला. त्याने मोठ्या कारखान्यांस पुढील महिन्याच्या दहा तारखेची मर्यादा घालून दिली. लोखंड्यांनी पंधरा तारीख मागितली होती. कायद्याने ती दिली त्याहून पाच दिवस अलीकडची, पण बावन्न वर्षे उशिरा.

त्याच १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्य शिकविणारी संस्था निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सर्वत्र ख्यात आहे. कामगारांची वस्ती, त्यांचे कर्ज, त्यांचे आजार यांचा अभ्यास करून मगच कारखान्यात पाऊल टाकणारा सुशिक्षित तरुण या संस्थेतून बाहेर पडू लागला. १९४६ साली नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला व छापील कलमे मोठ्या कारखान्यांवर बंधनकारक झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे सक्तीचे केले. ज्या शास्त्राचा आज पदव्यांसाठी अभ्यास होतो, त्याची आपल्याकडील मुळे अशी संपांत, अर्जांत व कायद्यांत आहेत.

मुकादम इतका बलवान खरोखरच होता काय, याविषयी अलीकडील इतिहासकारांत मतभेद आहे, तो वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य होय. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ साली व राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांवर भारदस्त ग्रंथ प्रसिद्ध केले. चंदावरकरांचा रोख असा, की मुकादम हा कोणी अनियंत्रित राजा नव्हता. त्याची सत्ता चाळीतील, वाडीतील व आखाड्यातील लोकांच्या संमतीवर तोललेली होती, आणि संपाच्या वेळी माणसांविरुद्ध जाणारा मुकादम आपली माणसे गमावून बसे. हे म्हणणे आम्हांस पटते. परंतु त्याने आमच्या मुद्द्यास बाध येत नाही. इजारदार दुबळा असला म्हणून इजारा न्याय्य ठरत नाही. धन्याची पाठ फिरलेली ती फिरलेलीच राहते.

मजूर-अधिकारी आला म्हणून सर्व मंगल झाले, असेही नव्हे. कामगार त्याजकडे संशयाने पाहत, व संशयास कारणही असे. कित्येकदा हा अधिकारी कामगारांच्या संघटनेस दूर ठेवण्यासाठीच पुढे केला जाई. मुकादमाने दस्तुरी घेतली तरी त्यास माणसाचे गाव, घर, आजारी आई ठाऊक असे. अधिकाऱ्यास कार्डावरील क्रमांक ठाऊक असे. नियम आले, हे निःसंशय हिताचे झाले. पण नियमाबरोबर ओळख गेली, ही हानीही खरी आहे. ही उणीव अखेरपर्यंत भरून निघाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. वर्षानुवर्षे बदली म्हणूनच राबलेली हजारो माणसे त्यांत होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बहुतेक गिरण्या मात्र पुढे बंद पडल्या, आणि आता त्या जागी उंच इमारती उभ्या आहेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मुकादमही गेला व गिरणीही गेली. आता या पुराणाचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. कंत्राटी मजुरांविषयी १९७० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच इजारा नाव बदलून पुन्हा आला होता हे उघड आहे. आज मोठमोठ्या कचेऱ्यांच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी, रात्री फरशी पुसणारी बाई, माल पोहोचविणारा मुलगा यांपैकी कितीजण त्या कचेरीचे असतात? विचारले तर उत्तर मिळते, "तो ठेकेदाराचा माणूस." हे शब्द आम्ही स्वतः अनेक ठिकाणी ऐकले आहेत, आणि दर वेळी आम्हांस ताडदेवची गिरणी आठवली आहे. पगार उशिरा झाला, इजा झाली, काढून टाकले, तर दाद कोणाकडे मागावयाची, हा १८८४ सालचा प्रश्न त्या माणसापुढे आजही तसाच उभा असतो.

या शास्त्राचे अलीकडील मराठी नाव 'मानव संसाधन' असे आहे. आमच्या कानास ते गोड लागत नाही. साधन म्हटले की ते वापरणारा निराळा, आणि झिजले की टाकून देण्याची मुभा आलीच. माणसाच्या संबंधात आपल्या भाषेत 'राखणे' हे क्रियापद जुने आहे. माणसे राखणे म्हणजे त्यांस धरून ठेवणे, सांभाळणे आणि त्यांचा मानही ठेवणे. पाचही मूलतत्त्वे या एका शब्दात मावतात. मात्र राखणाऱ्याने ते काम दुसऱ्यास इजाऱ्याने देऊन चालत नाही, एवढा धडा मुंबईच्या ऐंशी वर्षांनी आपणांस घालून दिला आहे.

स्नेह्यांच्या नातवास आम्ही ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की आजोबांची एक जुनी वही घरी माळ्यावर आहे. तीत हजेरीच्या खुणांशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत काही लिहिलेले असते. कोणाच्या नावापुढे 'मुलगी आजारी', कोणाच्या नावापुढे 'भातलावणी'. वरिष्ठांनी तसे लिहावयास सांगितलेले नव्हते, व त्या टिपणांचा पगाराशीही संबंध नव्हता. ही वही टाकून देऊ नये, आणि परीक्षेपूर्वी एकदा ती त्या जाड ग्रंथाबरोबर वाचावी, इतके आम्ही त्यांस सुचविले आहे.